आजारपण कोण काढतो? : क्लाइनमन यांच्या रुग्णकथन-विचाराचे एक परीक्षण

१

रोगाचे शास्त्र जितके जुने आहे, तितकेच रोगी माणसाचे गाऱ्हाणेही जुने आहे. परंतु त्या गाऱ्हाण्याला स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून मान्यता मिळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना आजार कसा अनुभवास येतो, त्याचा ते काय अर्थ लावतात, कोणाकडे धाव घेतात आणि काय सोसतात, हे पाहणे वैद्यकीय मानवशास्त्राने आपले काम मानले. या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जे ग्रंथ प्रारंभीच पडतात, त्यांत आर्थर क्लाइनमन यांच्या ‘दि इलनेस नॅरेटिव्ह्ज’ (१९८८) या ग्रंथाचे स्थान अग्रभागी आहे. लेखक मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ असे दोन्ही असल्यामुळे या ग्रंथाला दुहेरी अधिकार लाभला आहे, आणि तो अधिकार अनाठायी नाही.

तथापि अशा ग्रंथांचे एक दुर्दैव असते. ते इतके सर्वमान्य होतात की, त्यांची तपासणी करण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. त्यांची परिभाषा प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात स्थानापन्न होते, त्यांतील प्रश्न परिशिष्टात जाऊन बसतात, आणि मधल्या प्रकरणांत ‘रुग्णांच्या मुलाखती’ येतात. या मुलाखती वाचताना एक साधा प्रश्न मनात उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा मिळत नाही. तो प्रश्न असा : ही हकिकत नेमकी कोणी सांगितली? ज्याच्या शरीराला रोग जडला आहे त्याने, की ज्याने ते आजारपण काढले त्याने? प्रस्तुत लेखात क्लाइनमन यांच्या विचाराचे परीक्षण याच एका प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचे योजिले आहे. त्यांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचा यात हेतू नाही. उलट त्यांच्याच उत्तरकालीन लेखनाने या प्रश्नाला कसे बळ मिळते, हे दाखविण्याचा आहे.

२

प्रथम मूळ विचार थोडक्यात पाहू. इंग्रजी वैद्यकीय लेखनात शरीरातील बिघाड आणि त्या बिघाडाचा माणसाला येणारा अनुभव यांसाठी दोन वेगळे शब्द योजण्याची प्रथा १९७०च्या दशकात रूढ झाली. लिओन आयझेनबर्ग यांनी १९७७ मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला. पुढच्याच वर्षी क्लाइनमन, आयझेनबर्ग आणि बायरन गुड यांनी एका संयुक्त लेखात तो दवाखान्यातील व्यवहाराशी जोडला. मराठीत या दोन कल्पनांसाठी अनुक्रमे ‘रोग’ आणि ‘आजारपण’ हे शब्द योजणे मला उचित वाटते. डॉक्टर रोगाचे निदान करतो; माणूस आजारपण भोगतो. एकाच रक्तदाबाचे दोन रोगी असू शकतात, परंतु त्यांचे आजारपण एक नसते.

या भेदाची पाळेमुळे क्लाइनमन यांच्या तैवान आणि चीन येथील क्षेत्रकार्यात आहेत. तैवानमधील कामावर आधारलेल्या १९८० सालच्या ग्रंथात त्यांनी असे दाखविले की, आजारपणाचा फार मोठा भाग, त्यांच्या मते ७० ते ९० टक्के, वैद्यापर्यंत किंवा देवऋष्यापर्यंत पोचतच नाही. तो घरात, आप्तेष्टांत आणि शेजारपाजारी निभावला जातो. त्यानंतर चीनमधील हूनान येथे त्यांनी ‘मज्जादौर्बल्य’ असे निदान झालेल्या १०० रुग्णांची तपासणी केली. पाश्चात्त्य मनोविकारशास्त्राच्या निकषांनी त्यांतील ८७ जणांना तीव्र स्वरूपाचा विषाद-विकार होता. परंतु ही माणसे मनाच्या खिन्नतेची तक्रार घेऊन आलेली नव्हती. डोकेदुखी, निद्रानाश, थकवा अशा शारीरिक तक्रारी ती सांगत होती. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ज्यांनी अपमान आणि ताटातूट सोसली, त्यांना शरीराच्या भाषेत बोलणे हाच सुरक्षित मार्ग होता. दुःखाला शब्द मिळतो तो समाजाने मोकळ्या ठेवलेल्या वाटेनेच, हा या अभ्यासाचा स्थायी महत्त्वाचा निष्कर्ष होय.

१९८८च्या ग्रंथात हा विचार दीर्घकालीन आजारांच्या हकिकतींतून उलगडला आहे. लक्षणाचा सर्वसाधारण अर्थ, विशिष्ट समाजात विशिष्ट रोगाला चिकटलेला अर्थ, रुग्णाच्या स्वतःच्या जीवनक्रमातून येणारा अर्थ, आणि रोगाचे कारण व परिणाम यांविषयी रुग्ण, कुटुंबीय व डॉक्टर यांनी मनाशी बांधलेला ‘स्पष्टीकरणाचा आकृतिबंध’, असे अर्थाचे चार स्तर ते कल्पितात. ग्रंथातील एक प्रकरण विशेष बोलके आहे. उच्च रक्तदाब असलेली एक कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री डॉक्टरपुढे बसली आहे. ती घरातील अडचणी सांगू पाहते. आपल्या समाजातील समजुतीप्रमाणे रक्ताविषयी बोलते. डॉक्टर तिला मध्येच अडवून खाण्यातील मीठ आणि गोळ्या यांच्याकडे वळवितो. संभाषण संपते तेव्हा नोंदवहीत उरतो तो केवळ रक्तदाब आणि पथ्य न पाळण्याचा दोष. बोलली ती एक गोष्ट आणि लिहिली गेली ती दुसरी, हे अंतर क्लाइनमन यांनी ज्या संयमाने दाखविले आहे, त्याला तोड नाही.

३

परंतु विचार लोकप्रिय झाला की त्याचे हत्यार होते. १९७८च्या संयुक्त लेखातून जी प्रश्नमाला रूढ झाली — तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हांस वाटते, तो नेमका त्याच वेळी का सुरू झाला, इत्यादी — ती ‘क्लाइनमन यांचे आठ प्रश्न’ म्हणून जगभर फिरू लागली. या परंपरेचा एक धागा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत कुष्ठरोग आणि मानसिक स्वास्थ्य यांचा अभ्यास करून १९९२ मध्ये मुलाखतीची जी पद्धतशीर सारणी प्रसिद्ध केली, ती स्पष्टीकरणाच्या आकृतिबंधाचीच कल्पना संख्यात्मक तुलनेस योग्य व्हावी अशा हेतूने रचलेली होती. कुष्ठरोग्याच्या वाट्याला येणारी हेटाळणी मोजता यावी, तिची अन्य रोगांशी तुलना करता यावी, यासाठी अशा सारणीची गरज होती, हे मान्य केले पाहिजे. पुढे २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न समाविष्ट झाले, तेही याच कुळातील होत.

या वाटचालीवर आक्षेप घेणारे पूर्वीपासून होते. मायकेल टॉसिग यांनी १९८० मध्येच असा इशारा दिला की, रुग्ण काय समजतो हे डॉक्टरला कळले, तर त्या ज्ञानाचा उपयोग रुग्णाला अधिक कौशल्याने वळविण्यासाठीच होईल. ॲलन यंग यांनी १९८२ मध्ये रोग आणि आजारपण या जोडीला तिसरी संज्ञा जोडली. कोणाला रोगी मानावयाचे आणि कोणाला नाही, हे ठरविणारे सामाजिक संबंध त्यांना अभिप्रेत होते. क्लाइनमन यांच्या जोडीत डॉक्टर आणि रुग्ण आहेत, पण सत्ता आणि संपत्ती यांचे वाटप नाही, असा या आक्षेपाचा आशय. पॉल ॲटकिन्सन यांनी १९९७ मध्ये आणखी मर्मावर बोट ठेवले : हकिकत म्हणजे अनुभवाचे उघडे दार नव्हे; तीही एक सामाजिक कृती असते, तिला साचे असतात, ती कोणापुढे तरी सादर होत असते.

आश्चर्य असे की, स्वतः क्लाइनमन यांनीही पीटर बेन्सन यांच्यासह २००६ मध्ये लिहिलेल्या लेखात आपल्या आकृतिबंधाच्या यांत्रिक वापराविषयी असमाधान व्यक्त केले. प्रश्नमाला हे संभाषणाचे द्वार असावे, संभाषणाची जागा तिने घेऊ नये, असा त्यांचा रोख होता. म्हणजे मूळ विचारवंत एका बाजूला आणि त्याचे अनुयायी दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती झाली. हे सर्व आक्षेप ग्राह्य आहेत. तथापि माझा आक्षेप त्यांहून काहीसा वेगळा आहे. हत्याराचा वापर चुकला इतकेच मला म्हणावयाचे नाही. हत्यार घडविताना जे चित्र डोळ्यांपुढे होते, त्यातच एक उणीव होती, असे मला वाटते.

ते चित्र ग्रंथाच्या प्रस्तावनेतच आहे. विद्यार्थिदशेत असताना क्लाइनमन यांच्यावर एका भाजलेल्या सात वर्षांच्या मुलीचा हात धरून बसण्याचे काम आले. तिच्या जखमा रोज धुऊन साफ करावयाच्या असत आणि ती किंचाळत असे. तिला कसे शांतवावे हे न कळून एके दिवशी त्यांनी तिलाच विचारले की, हे सारे तू कसे सहन करतेस? मुलगी क्षणभर थांबली आणि सांगू लागली. सांगता सांगता तिचे आकांत करणे कमी झाले. प्रसंग हृदयस्पर्शी आहे आणि खराही आहे. परंतु त्याची रचना पाहावी. केंद्रस्थानी दोनच व्यक्ती आहेत : सांगणारी आणि ऐकणारा. एक शरीर, एक वाणी, एक कान. पुढील सर्व विचार या द्विपात्री प्रवेशाच्या छायेत वाढला आहे.

४

आता मराठी भाषेचा प्रयोग पाहू. भाषा म्हणजे सिद्धान्त नव्हे हे खरे; परंतु एखाद्या समाजाने अनुभवाची विभागणी कशी केली आहे, याची ती विश्वसनीय साक्षीदार असते. ‘आजार’ हा शब्द आपल्याकडे फारशीतून आला. त्याला ‘पण’ हा प्रत्यय लावून आपण ‘आजारपण’ केले, आणि हे आजारपण व्यक्तीपुरते ठेवले नाही. ‘घरात आजारपण आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा रोग एकाला झालेला असतो, पण आजारपण घराला आलेले असते. पाहुण्यांना नको म्हणण्यास, लग्न पुढे ढकलण्यास, मुलाची शाळा चुकण्यास हे एवढे एकच वाक्य पुरते.

याहून महत्त्वाचा प्रयोग म्हणजे ‘आजारपण काढणे’. ‘तिने सासूचे आजारपण काढले’ या वाक्यात रोग सासूला आहे, परंतु क्रियापदाचा कर्ता सून आहे. तिने रात्री जागविल्या, अंथरुणे बदलली, पथ्याचे शिजविले, डॉक्टरकडे चकरा घातल्या, आणि उसने पैसे आणले. मराठीने या सर्वांना मिळून एक क्रियापद दिले आणि त्याचा कर्ता रुग्णाहून वेगळा ठेवला. ‘आजारपणाचा अनुभव कोणाचा?’ या प्रश्नाला या वाक्यात दोन उत्तरे आहेत. क्लाइनमन यांच्या परिभाषेत मात्र पहिल्या उत्तरासाठी मुख्य आसन आहे आणि दुसऱ्यासाठी बाजूची बैठक.

न्याय करावयाचा तर असे म्हटले पाहिजे की, कुटुंबाचे अस्तित्व क्लाइनमन विसरलेले नाहीत. घरगुती क्षेत्राचा उल्लेख वर आलाच आहे. कुटुंबीयांचेही स्पष्टीकरणाचे आकृतिबंध असतात, हेही ते सांगतात. परंतु कुटुंबाला मत आहे असे मानणे वेगळे आणि कुटुंबालाच आजारपण आले आहे असे मानणे वेगळे. १९७८ मध्येच जॉन जॅन्झन यांनी काँगो नदीच्या खालच्या खोऱ्यातील अभ्यासावरून असे दाखविले होते की, कोणत्या वैद्याकडे जावयाचे, कधी उपाय बदलावयाचा, खर्च कोणी करावयाचा, हे रुग्ण एकटा ठरवीत नाही. आप्तांचा एक गट त्याच्या आजाराचा कारभार आपल्या हाती घेतो. आपल्याकडील वाचकाला यात नवल वाटणार नाही. रुग्णालयाच्या आवारात पथारी टाकून बसलेली मंडळी ज्याने पाहिली आहेत, त्याला या सिद्धान्ताचे प्रात्यक्षिक निराळे दाखविण्याची गरज नाही.

वीणा दास यांचा ‘अफ्लिक्शन’ (२०१५) हा ग्रंथ या दृष्टीने क्लाइनमन यांच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. दिल्लीतील अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांत दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासावर तो आधारलेला आहे. येथे सुसंगत, आदि-मध्य-अंत असलेल्या हकिकती फारशा भेटत नाहीत. आजार येतो तो उसनवारी, भाडे, नातेसंबंधांतील कुरबुर आणि गल्लीतील डॉक्टरच्या दोन दिवसांच्या गोळ्या यांत मिसळून येतो, आणि पुष्कळदा त्यांतच विरून जातो. दास यांच्या लेखनात क्षयाने वारंवार आजारी पडलेल्या एका स्त्रीची कहाणी येते. उपचारकेंद्राच्या दृष्टीने प्रत्येक खेप स्वतंत्र आणि यशस्वी होती. घराच्या स्मरणात मात्र ते एकच लांबलेले आजारपण होते, आणि त्याचा शेवट मृत्यूत झाला. ही विसंगती एका रुग्णाच्या एका मुलाखतीतून हाती लागली नसती. ती दिसण्यासाठी अभ्यासकाला घरात पुनःपुन्हा जावे लागले, निरनिराळ्या माणसांचे तुटक बोलणे जोडावे लागले, आणि जेथे ते जुळत नव्हते तेथे न जुळणेच नोंदवावे लागले.

५

येथवरच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की, रुग्णाऐवजी कुटुंबाला विचारले की प्रश्न सुटला. तसे मुळीच नाही. ‘काढणे’ हे क्रियापद मराठीत आणखी एका प्रयोगात येते, आणि तो प्रयोग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो म्हणजे ‘दुखणे अंगावर काढणे’. दुसऱ्याचे आजारपण काढणारी स्त्री स्वतःचे दुखणे अंगावर काढते. एकाच क्रियापदाच्या या दोन टोकांमध्ये आपल्या घरांतील श्रमाची आणि मौनाची वाटणी सामावली आहे.

या मौनाची व्याप्ती केवढी असू शकते, हे गडचिरोली जिल्ह्यातील एका अभ्यासाने दाखवून दिले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक संबंधांतून होणारे रोग आढळले. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ५५ आणि ९२ या दोन आकड्यांमधील अंतराचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. काही रोग लक्षणे दाखवीत नाहीत. तेव्हा हे सर्व अंतर म्हणजे दडपलेली वेदना, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या त्रासाला ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ असे म्हटले जाते, तो त्रास आजारपणाच्या सदरातच पडत नाही, आणि म्हणून त्याची हकिकतही तयार होत नाही, एवढे तरी यावरून मान्य करावे लागेल.

हा मुद्दा क्लाइनमन यांच्या मूळ भेदालाच स्पर्श करतो. त्यांच्या मांडणीत रोग ही डॉक्टरने केलेली काटछाट आहे, आणि आजारपण हे मूळचे समृद्ध सत्य. रक्तदाबाच्या त्या रुग्ण-स्त्रीच्या बाबतीत हे खरे आहे. गडचिरोलीच्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र क्रम उलटा झाला. तेथे रोगाच्या तपासणीने आजारपणाला वाचा फोडली. ‘हे रोग आहेत, यांवर उपचार आहेत’ असे कोणीतरी म्हटल्यावरच ते दुखणे सांगण्याजोगे ठरले. वैद्यकशास्त्र नेहमीच अनुभवाला मुके करते असे नाही. कधी ते त्याला बोलतेही करते. मानवशास्त्रज्ञाने डॉक्टरविषयी जो पूर्वग्रह कळत नकळत जोपासला आहे, तो या उदाहरणापुढे तपासून घ्यावा.

कुटुंबाविषयी भाबडेपणा बाळगण्याचेही कारण नाही. घर आजारपण काढते, तसेच घर आजारी माणसाला बाहेरही काढते. कुष्ठरोग्यांसाठी वसाहती स्थापाव्या लागल्या, त्या घरांनी दारे लावून घेतली म्हणून. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण आपल्या वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळले गेले. म्हणजे रोग बरा करणारे औषध हाती येऊन अनेक दशके लोटली, तरी नाते तोडण्याची सवलत तशीच राहिली होती. दुसऱ्या बाजूने, कर्करोगाचे निदान रुग्णापासून लपविण्याची विनंती डॉक्टरला करणारे आप्त आपल्याकडे पदोपदी भेटतात. त्यांचा हेतू मायेचा असतो. परंतु अशा घरात रुग्णाची ‘हकिकत’ विचारणारा संशोधक कोणत्या भूमीवर उभा असतो, याचा विचार करावा. रुग्णाला जे सांगितले गेलेले नाही, ते संशोधकाला ठाऊक असते. रुग्णाला जे कळून चुकलेले असते, ते तो घरच्यांसाठी न कळल्यासारखे दाखवितो. आठ प्रश्नांची सारणी येथे केवळ अपुरी पडते असे नव्हे. ती इजाही करू शकते.

६

या परीक्षणात सर्वांत उद्‌बोधक साक्ष आहे ती स्वतः क्लाइनमन यांचीच. त्यांच्या पत्नी जोन क्लाइनमन या चिनी भाषा व संस्कृती यांच्या अभ्यासक आणि संशोधनातील त्यांच्या सहकारी होत्या. त्यांना तुलनेने लवकरच्या वयात अल्झायमरचा रोग जडला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. या दीर्घ आजारपणाचा वृत्तान्त क्लाइनमन यांनी ‘दि सोल ऑफ केअर’ (२०१९) या ग्रंथात दिला आहे. पत्नीला न्हाऊ घालणे, कपडे घालणे, भरविणे, हात धरून चालविणे, तिचा संताप आणि भीती सोसणे, आणि हे सर्व वर्षानुवर्षे करणे, असा त्याचा विषय आहे.

१९८८च्या ग्रंथाशी या ग्रंथाची तुलना केली म्हणजे विचाराचा केंद्रबिंदू किती सरकला आहे, हे ध्यानात येते. तेथे रुग्ण सांगतो आणि वैद्य ऐकतो. येथे रुग्णाची सांगण्याची शक्तीच हळूहळू लोप पावते आहे. आठ प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळण्याची आशा नाही. किंबहुना प्रश्न विचारणारा कोण, हेही कधी कधी ओळखू येत नाही. मग आजारपणाची हकिकत संपली काय? तसे नाही. ती दुसऱ्या हातात गेली. जो आजारपण काढतो आहे, तो ती सांगू लागला. आणखी एक गोष्ट त्यांनी प्रांजळपणे लिहिली आहे. तोवर घराचा आणि आपल्या प्रकृतीचाही भार पत्नीने वाहिला होता, आणि शुश्रूषा म्हणजे काय हे आपण तिच्या आजारपणात नव्याने शिकलो, अशी ही कबुली आहे. ज्या विद्वानाने आयुष्यभर शुश्रूषेविषयी लिहिले, त्याला ती करावी लागेपर्यंत तिचे पूर्ण स्वरूप कळले नाही, यात त्याची व्यक्तिगत उणीव नाही. त्याच्या शास्त्राची आहे. ते शास्त्र खाटेवरच्या माणसाकडे पाहत होते. खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे हात त्याला पुरेसे दिसत नव्हते.

मात्र या उत्तर-ग्रंथालाही मर्यादा आहे. सुस्थितीतील प्राध्यापकाला पगारी मदतनीस ठेवता येते, कामाच्या वेळा जुळविता येतात, आणि शेवटी ग्रंथही लिहिता येतो. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाने आईचे आजारपण काढावयाचे म्हणजे मजुरी बुडवावयाची. त्याची हकिकत ग्रंथरूप होत नाही. ती सावकाराच्या वहीत लिहिलेली असते. म्हणून दास यांचा ग्रंथ आणि क्लाइनमन यांचा उत्तर-ग्रंथ हे एकमेकांना पूरक मानावेत : एकाने दाखविलेली आर्थिक विवंचना दुसऱ्यात नाही, आणि दुसऱ्यातील देहाजवळची आत्मीयता पहिल्यात तितकी नाही.

७

समारोपादाखल आपल्या परंपरेतील एका विभागणीकडे लक्ष वेधावेसे वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याच्या गुणांत आपल्या रोगाविषयी नीट सांगता येणे हा एक गुण गणला आहे. परिचारकाच्या गुणांत उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता ही येतात. प्राचीनांना वैद्यकीय मानवशास्त्र ठाऊक होते, असा दावा मला करावयाचा नाही. असे दावे करण्याची खोड अभ्यासकाला शोभत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, सांगणे हा येथे चौघांपैकी एकाच्या चार गुणांतील एक गुण आहे, आणि सांभाळणाऱ्याला स्वतःचा पाद आहे. क्लाइनमन यांच्या पूर्व-ग्रंथात तो चौथा पाय लंगडा राहिला.

‘शुश्रूषा’ हा शब्दही येथे विचारात घेण्याजोगा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो झाला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून सेवा हा अर्थ रूढ झाला. ऐकणे आणि सांभाळणे या दोन क्रिया आज आपण दोन माणसांत वाटून टाकल्या आहेत : ऐकण्यासाठी संशोधक, सांभाळण्यासाठी सून. पहिल्याला पदवी मिळते. दुसरीचे नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशातही नसते.

या परीक्षणातून संशोधन करू इच्छिणाऱ्यांपुढे काही सूचना ठेवता येतील. समजा, एखादा विद्यार्थी पक्षाघात झालेल्या वृद्धाची मुलाखत घेण्यास त्याच्या घरी गेला आहे. मुलगा उत्तरे देतो आहे, वृद्ध मान डोलावतो आहे, आणि सून चहा ठेवून आत गेली आहे. या तिघांची मिळून ‘रुग्णाची हकिकत’ असे टिपण करणे हा प्रमाद होय. कोण बोलले, कोणाच्या देखत बोलले, कोण गप्प राहिले आणि कोणाला कामामुळे बसताच आले नाही, याची नोंद मुलाखतीइतकीच महत्त्वाची मानावी. एका भेटीत मिळालेली सुबक हकिकत संशयाने पाहावी आणि पुन्हा जावे. जी आजारपण काढते आहे, तिला तिच्या स्वतःच्या दुखण्याविषयी निराळे आणि एकांतात विचारावे. आणि रुग्णाला काय ठाऊक आहे, हे जाणून घेतल्यावाचून कोणताही प्रश्न त्याच्यापुढे टाकू नये. ज्ञानाच्या लोभाने त्याच्या घराने उभारलेला आडोसा पाडण्याचा अधिकार संशोधकाला नाही, तसाच तो आडोसा म्हणजेच रुग्णाची इच्छा असे गृहीत धरण्याचाही नाही.

क्लाइनमन यांनी वैद्यकाला ‘रुग्ण काय सांगतो आहे ते ऐका’ असे शिकविले. तो धडा जुना झालेला नाही. रक्तदाबाच्या त्या रुग्ण-स्त्रीला मध्येच अडविणारे डॉक्टर आजही आहेत. परंतु त्या धड्याचा उत्तरार्ध आपल्यापुढे आहे. जो सांगू शकत नाही, ज्याला सांगू दिले जात नाही, आणि जिला सांगण्यासारखे काही आहे असे स्वतःलाच वाटत नाही, त्यांचे आजारपण कसे ऐकावयाचे, हा तो प्रश्न होय. तैवान आणि हूनान येथून निघालेल्या विचाराला या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे असेल, तर ‘आजारपण काढणे’ हा प्रयोग ज्या भाषेत रोजच्या बोलण्यात आहे, त्या भाषेतील अभ्यासकांकडे त्याने काही अपेक्षेने पाहिल्यास ते वावगे होणार नाही.